सिंगापूर क्रूझ (४ रात्री): टिप काढायच्या लाईनीत उभं राहायच्या आधी हे वाचा

रेटिंग आधीच सांगून टाकतो. जहाजावर काम करणाऱ्या पोरापोरींना पाचपैकी पाच, जेवणाला साडेतीन, आणि आम्हाला घेऊन गेलेल्या टूरवाल्याला दीड. कामून ते सांगतो, जरा लांब होईल पण येत्या सीझनला कुणाची डीलर टूर निघणार असेल तर पूर्ण वाचा.

मी केज तालुक्यात कृषी सेवा केंद्र चालवतो. खताच्या, औषधाच्या कंपन्या टार्गेट देतात आणि टार्गेट पुरं झालं की टूर, हे आपल्याकडं सगळ्यांना माहितीच आहे, कुणी बँकॉकला जातं कुणी दुबईला, आम्हाला २०२५ च्या फेब्रुवारीत सिंगापूर आणि तिथून चार रात्रीची क्रूझ लागली. बीड, लातूर, धाराशिव मिळून आम्ही ४२ जण, बरेचसे जोडीनं. केजहून रात्रीची गाडी धरून मुंबई, तिथून विमान, सिंगापूरला दोन दिवस फिरणं आणि मग जहाज. पिनांग, फुकेत आणि परत सिंगापूर.

जहाज म्हणजे तरंगतं गाव आहे, तीन हजाराच्या वर माणसं आणि त्यांचं करायला हजाराच्या वर कामगार. खोली लहान पण चोख, बाथरूममध्ये पाण्याचा एक थेंब सांडलेला दिसणार नाही. रात्रीचे शो भारी, एकदा बघाच. जेवणात भारतीय काउंटर वेगळा होता, डाळ-भात चांगला, पनीर रोज, चपाती मात्र गार आणि तिखट नावालाच. आमच्या बायकांनी शेंगदाण्याच्या चटणीची सीलबंद पाकिटं बॅगेत टाकलेली होती म्हणून निभावलं. एवढं जेवणाचं पुरे, मला लिहायचंय ते वेगळंच.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एका डीलरनं खोलीतल्या टीव्हीवर आपलं बिल काढून बघितलं तर त्यात माणशी रोज १८ डॉलर असे लागलेले. ग्रॅच्युइटी म्हणून, म्हणजे जहाजावरच्या कामगारांची टिप. नवराबायकोचे मिळून चार रात्रीचे १४४ डॉलर, म्हणजे साडेबारा हजार रुपये. आता आम्हाला पॅकेज देताना ‘सगळं धरून’ असं सांगितलेलं, पत्रिकेवर मोठ्या अक्षरात छापलेलं बी होतं, आणि हे कुठं लिहिलेलं तर शेवटच्या पानावर बारीक अक्षरात की जहाजावरची टिप ज्याची त्यानं भरायची. झाला ना गोंधळ. फोनाफोनी, एकाच्या खोलीत दहा जण जमा, कुणी म्हणायलं फसवलं, कुणी म्हणायलं टिप आपल्या खुशीची असती, ही जबरदस्ती कामून. परळीकडच्या एका शेठनी तर कायदाच काढला, की आपल्याकडं २०२२ ला केंद्राच्या ग्राहक प्राधिकरणानं हॉटेलात सर्व्हिस चार्ज आपोआप लावता येणार नाही असं सांगितलंय. ते म्हणाले ते खरंच आहे, पुढं मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टानंही ते उचलून धरलं. पण ते आपल्या देशातल्या हॉटेलासाठी, आम्ही बसलेलो परदेशी झेंड्याच्या जहाजात.

टूरवाल्यानं आमच्यासंगट एक मॅनेजर पोरगा दिलेला होता. त्यानं ग्रुपवर व्हॉइस मेसेज टाकला, घाबरू नका शेठ, सगळ्यांनी गेस्ट सर्व्हिसच्या काउंटरवर जायचं आणि ‘रिमूव्ह ग्रॅच्युइटी’ एवढंच म्हणायचं, ते काढून देतात, आमचे सगळे ग्रुप असंच करतात. आणि खरंच काढतात. बहुतेक कंपन्यांत ही टिप कमी करायची, काढायची सोय असते, उतरायच्या आधी सांगावं लागतं एवढंच. आमची लाईन लागली, पंचवीस एक माणसं, पुढं हसणं-खिदळणं चालू. माझा नंबर आला तेव्हा काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, सर, सर्व्हिसमध्ये काही कमी राहिलं का? मी नाही म्हणलं. काहीच कमी नव्हतं. तिनं कागद पुढं केला, मी सही केली, १४४ डॉलर बिलातून गेले आणि मला त्या वेळी बरं वाटलं हे खोटं कशाला बोलू.

आमच्या मजल्यावर खोल्या करणारा पोरगा इंडोनेशियाचा, जावा बेटावरचा. त्याचं नाव लिहीत नाही, त्याच्या नोकरीचा प्रश्न आहे. वय तिशीचं असंल. त्याच्याकडं अठरा खोल्या, सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा. रोज रात्री टॉवेलाचा काहीतरी प्राणी करून पलंगावर ठेवायचा, पहिल्या दिवशी हत्ती, नंतर माकड, माझ्या बायकोला त्याचं लई कौतुक. तिसऱ्या दिवशी सकाळी तो चादर बदलत होता आणि ती चटणीचं पाकीट फोडून बसलेली, तिनं खुणेनंच विचारलं खाणार का. त्यानं आधी वास घेतला, मग चिमूटभर तोंडात टाकली आणि त्याचा चेहराच बदलला. मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगायला लागला की आमच्याकडं बी शेंगदाण्याची चटणी असती, पातळ, उकडलेल्या भाज्यांवर घालून खातात, गाडो-गाडो म्हणतात, आई करायची. हिनं एक अख्खं पाकीट त्याच्या हातात दिलं. तेव्हा मी त्याचे हात बघितले. बोटांची टोकं पांढरी पडलेली, कातडं सोललेलं, नखाच्या कडेला चिरा. आमच्याकडं हातमोजे न घालता औषध मारणाऱ्या गड्यांचे हात असेच होतात, हे मी वीस वर्षं बघत आलोय. दिवसभर ते सफाईचं केमिकल आणि पाणी. दोन मुली आहेत म्हणला, धाकटी चार महिन्यांची होती तेव्हा निघालो, आता चालायला लागली, फोनवर बघितलं.

तो गेल्यावर बायकोनं विचारलं, अहो, ह्याचीच टिप काढली का तुम्ही? मी म्हणलं ह्या एकट्याची नाही, सगळ्यांची असती ती. ती म्हणली, आपल्या दुकानासमोर खताची गाडी आली की पोत्यामागं हमाली देता का नाही, का तिथं बी म्हणता खुशी असंल तर देतो?

त्यावर मला बोलता आलं नाही.

त्याच दिवशी जहाज फुकेतला लागलेलं, खाली उतरल्यावर मोबाईलला रेंज आली तसा मी भाच्याला फोन लावला. माझ्या बहिणीचा मुलगा, हॉटेल मॅनेजमेंट केलंय, दुसऱ्याच एका कंपनीच्या जहाजावर असिस्टंट वेटर आहे, तेव्हा सुट्टीवर अंबाजोगाईला आलेला होता. मी सगळं सांगितलं. थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, मामा, ते काढायला नव्हतं पाहिजे. मग त्यानं जे सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहायलोय, कारण मला वाटतं आपल्याकडून जाणाऱ्या शंभर माणसांतल्या नव्वदांना हे माहितीच नसतं.

तो म्हणाला, मामा, टिप हे नाव नुसतं नावाला आहे. आमचा करार सात महिन्यांचा, सात महिन्यांत एक बी पूर्ण सुट्टी नाही, रविवार नाही, दिवाळी नाही. सकाळी साडेसहाला नाष्ट्यावर उभं राहायचं, मग दुपारचं जेवण, मधी दोन-तीन तास मोकळे, त्यात झोप काढायची का कपडे धुवायचे ते आपण ठरवायचं, आणि रात्रीचं जेवण उरकून टेबल लावून होईपर्यंत अकरा. दिवसाला दहा-अकरा तास भरतातच. कागदावर नियम आहेत, आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २००६ चा सागरी कामगार करार आहे, २०१३ पासून लागू झालाय, आपल्या देशानं २०१५ ला मान्य केलाय, त्यात २४ तासात किमान १० तास आणि आठवड्यात ७७ तास आराम द्यायचा असं लिहिलंय. आठवड्याचे तास १६८, त्यातून ७७ गेले तर बाकी किती उरले ते तुम्हीच काढा, तुम्ही दुकानदार आहात. मी मनातल्या मनात काढले, ९१.

मग पगाराचं विचारलं. तो म्हणाला, आमच्यासारख्या टिपेवरच्या पोरांचं असं असतं की कंपनी एक गॅरंटी लिहून देते, महिन्याला एवढे डॉलर तुम्हाला मिळतील म्हणून, आणि तुमच्या बिलावरची जी रोजची टिप असती ती त्याच गॅरंटीत धरलेली असती. माझी गॅरंटी हजाराच्या आसपास, कंपनीच्या खिशातून त्यातलं थोडंच येतं, मोठा भाग तुमच्या १८ डॉलरचा. आणि ते १८ डॉलर एकाच्या हातात जात नाहीत, खोली करणारा, वाढणारा आणि किती तरी कंपन्यांत तुम्हाला कधी दिसत बी नाहीत अशी खालची माणसं, चादरी धुणारी, भांडी घासणारी, सगळ्यांत वाटा पडतो. कॅप्टन, इंजिनिअर लोकांचा ह्याच्याशी संबंध नाही, त्यांचा पगार ठरलेला.

मी विचारलं, मग गॅरंटी आहे तर कमी पडलेले कंपनी भरतेच की, आम्ही काढले तर तुमचं काय बिघडलं? आमच्या लाईनीत हाच डायलॉग सगळ्यांच्या तोंडी होता. तो म्हणाला, भरते मामा, गॅरंटीपर्यंत भरते. पण कामाच्या महिन्यात टिप चांगली जमली की गॅरंटीच्या वर दीड-दोनशे डॉलर सुटतात, आमचं घर त्याच्यावर चालतं. तुमच्यासारखा ४२ जणांचा एक ग्रुप आला, मागून दुसरा आला, की ते वरचे उडतात. हमीभाव मिळाला म्हणून शेतकऱ्यानं गप बसायचं का, वरचा भाव नको का त्याला?

ही गोष्ट मला बरोबर कळली कारण मी सोयाबीनच्या भावात जगतो. २०२४ च्या हंगामात हमीभाव क्विंटलला ४,८९२ होता आणि आमच्या भागात लोकांनी त्याच्या कितीतरी खाली माल घातला, त्याच पैशातून माझी उधारी यायची होती. हमीचा आकडा आणि हातात पडणारा पैसा ह्यात काय फरक असतो ते आम्हाला कुणी शिकवायला नको.

आणि तुम्ही बीड जिल्ह्यातले असाल तर आणखी एक. भाचा बोलत होता आणि माझ्या डोळ्यासमोर ऊसतोडीची माणसं होती. दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडायचं, पाडव्याच्या आसपास परत, मधले सगळे महिने कारखान्यावर कोपीत, म्हणजे झोपडीत. टनाचा दर वेगळा आणि रोजच्या मीठमिरचीला वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकून जे येतं ते वेगळं. आता समजा कारखाना म्हणला, तुमचे वाढ्याचे पैसे आम्ही टनाच्या दरातच धरले, तर कोयत्यावरचा माणूस काय म्हणेल? जहाजावर नेमकं तेच चाललंय आणि त्यावर आपण जाऊन म्हणायचं की वाढे बी फुकट द्या.

उचल बी आहे, फक्त उलटी. ऊसतोडीला मुकादम आधी पैसे देतो, इथं पोरगा आधी एजंटला पैसे देतो. माझ्या बहिणीनं ह्याला जहाजावर लावायला अडीच लाख भरले, गळ्यातलं मोडून, आणि पहिल्या कराराचे बरेच महिने त्यातच गेले. हे पैसे घेणंच बेकायदा आहे हे आम्हाला नंतर कळलं. मघाच्या त्याच सागरी करारात लिहिलंय की नोकरी लावून देण्याबद्दल कामगाराकडून फी घ्यायची नाही, पासपोर्ट, मेडिकल, खलाशाचं पुस्तक असले खर्च तेवढे त्याचे. आणि आपल्याकडं डीजी शिपिंगचं, म्हणजे केंद्राच्या जहाजखात्याचं, लायसन असल्याशिवाय कुणाला जहाजावर भरती करता येत नाही, आरपीएसएल म्हणतात त्याला, लायसनवाल्यांची यादी डीजी शिपिंगच्या वेबसाईटवर असते. संभाजीनगर, नांदेड, लातूरला जहाजाच्या नोकरीचे बोर्ड लई झालेत आता, ज्यांची पोरं त्या क्लासात आहेत त्यांनी पैसे मोजायच्या आधी एजंटला त्याचा आरपीएसएल नंबर विचारावा आणि यादीत बघावा. बहिणीला कुणी एवढं सांगितलं असतं तर बरं झालं असतं, मला बी माहीत नव्हतं.

आणि करार संपून घरी आलं की पगार बंद. भाचा दोन महिने घरी होता, त्या दोन महिन्यांचा एक रुपया नाही. पुढच्या जहाजाचा कॉल येईपर्यंत तेच जमवलेलं खायचं. आम्ही म्हणायचो पोरगा डॉलरमध्ये कमवतो. बारा महिन्यांवर पसरून बघितलं की आकडा वेगळाच दिसतो.

मी हे बी विचारलं की टिप काढून टाकली आणि त्या खोलीवाल्या पोराच्या हातातच पन्नास डॉलर ठेवले तर, आमच्यातले चार-पाच जण तसं करणार होते, थेट गरिबाला जातात म्हणून. भाचा म्हणाला, रोजची टिप ठेवून वरून द्यायचे असतील तर जरूर द्या, ते त्याचे. पण काढून रोख देऊ नका, काही कंपन्यांत ज्या खोलीची टिप काढलेली असती तिथले रोख पैसे पोरांना जमा करावे लागतात, आणि भांडी घासणाऱ्याला तर तुमच्या पन्नासातलं काहीच मिळत नाही.

दारू, कोल्ड्रिंक, कॉफी विकत घेतली तर तिथं १८ टक्के सर्व्हिस आधीच लागलेली होती, आणि खाली पुन्हा ‘अॅडिशनल टिप’ म्हणून रेघ मारलेली मोकळी जागा. ती रेघ मोकळी सोडली तर चालतं, त्यात कुणाचा हक्क बुडत नाही. आमच्यातल्या दोघांनी न वाचता तिथं आकडे टाकले आणि रोजचे १८ मात्र काढले, म्हणजे नेमकं उलटं केलं.

चौथा दिवस पूर्ण समुद्रात होता. सकाळी मी परत त्या काउंटरवर गेलो. मुलगी तीच होती. मी म्हणलं, ग्रॅच्युइटी परत लावा. तिला वाटलं माझं इंग्रजी चुकलं, तिनं दोनदा विचारलं, रिमूव्ह? मी म्हणलं नाही, ॲड. मग तिनं काही न बोलता टाईप केलं आणि स्क्रीन माझ्याकडं वळवून १४४ चा आकडा दाखवला. मागं वळलो तर आमचे तिघं उभे होते, एक टिप काढायलाच आलेला. त्याला मी बाजूला घेऊन हमालीचंच सांगितलं, पोत्यामागं पाच रुपये देताना आपण हमालाला विचारत नाही की तुझा मालक तुला काय देतो. तो म्हणला, पण शेठ आपल्याला सांगितलंच नव्हतं ना. त्याचं बी चूक नाही.

म्हणून टूरवाल्याला दीड. साडेबारा हजार ही आमच्यासारख्याला छोटी रक्कम नाही, आणि पॅकेजच्या भावात ती धरून आकडा सांगितला असता तर एकानं बी तक्रार केली नसती, कारण टूरचे पैसे खत-औषधाची कंपनी देणारच होती. टूरवाल्यांनी आकडा कमी दिसावा म्हणून ती बाहेर ठेवली आणि मग गिऱ्हाईक चिडलं की त्याला लाईनीत उभं करून कामगाराच्या ताटातून वसूल करायला लावली. स्वतःच्या कमिशनमधला एक पैसा सोडला नाही. आमच्या मॅनेजर पोराला मी उतरताना हे तोंडावर बोललो, तो म्हणाला, सर मला वरून जसं सांगतात तसं मी सांगतो.

जहाज कंपन्यांना बी मोकळं सोडत नाही मी. पगार द्यायचं काम त्यांचं, ते प्रवाशाच्या मर्जीवर टाकायचं कामून? दुसऱ्या पद्धतीनं होतं की. ब्रिटनच्या पी अँड ओ क्रूझेसनं २०१९ ला रोजची टिप बंद करून ती भाड्यातच घेतली, व्हर्जिन व्हॉयेजेसच्या जहाजांवर बी २०२५ पर्यंत टिप भाड्यात धरलेली असायची, तिथं काढायचा प्रश्नच येत नव्हता. बाकीच्यांना न जमायला काय झालं. पण जोपर्यंत ते करत नाहीत तोपर्यंत काउंटरवर जाऊन आपण कंपनीचं काहीच वाकडं करत नाही, जावातल्या त्या पोराचं करतो.

बुकिंगच्या वेळी एकच प्रश्न विचारा, जहाजावरची रोजची टिप ह्यात धरली का, आणि हो म्हणले तर कोटेशनवर तसं लिहून घ्या, तोंडी नको. नाही म्हणले तर माणशी रोज १५ ते २० डॉलर धरून हिशोब करा, मोठ्या कंपन्यांचा दर त्याच्या आसपास असतो, मोठ्या सुइटला जास्त. तो आकडा धरून परवडत असेल तर जा, लई मजा येते, आम्ही परत जाऊ.

पाचव्या दिवशी सकाळी साडेसातला आम्ही खोली सोडली तेव्हा तो पोरगा समोरच्या खोलीतल्या चादरी ओढून काढत होता, दुपारी नवीन लोक चढणार होते, तोपर्यंत अठराच्या अठरा खोल्या व्हायच्या होत्या. बायकोनं राहिलेली चटणीची दोन पाकिटं त्याच्या गाडीवर ठेवली, त्यानं दोन्ही हात जोडले आणि लगेच पुढची खोली उघडली. आमच्या ४२ जणांत टिप परत लावलेले आम्ही सहा जण होतो.